वांग्याच्या वाफ्यातली मासळी

आमच्या परसातल्या ज्या वाफ्यांतली भाजी देवाच्या नैवेद्याला जाते, त्या वाफ्यांत मी सडकी मासळी पुरली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, शेजारच्या ताईंना तर नाहीच. लिहितानासुद्धा नाक आपोआप आवळलं जातं. तो वास आठवला की तोंडाला पाणी सुटतं, भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं ते.

दिघी आणि हरिहरेश्वर यांच्या मध्ये कुठेतरी आमचं गाव आहे. घरामागे सुपारीची नि नारळाची वाडी, आणि घर नि वाडी यांच्या मधल्या उघड्या जागेत वहिनीचे भाजीचे वाफे. दादा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही. एका कचेरीत कारकुनी केली, संध्याकाळी घरी यावं, हातपाय धुवावेत, वाढलेलं खावं, असं आयुष्य. आमचं घर शाकाहारी. नुसतं न खाणारं नव्हे, मासळीवाली दारावरून गेली की खिडकी लावून घेणारं.

वहिनी मातीला जेवू घालते. शब्द तिचाच आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या जागेत नुसती वाळू होती, समुद्राची, पांढरट, पाणी ओतलं की कुठे गेलं ते कळू नये अशी. तिने त्या वाळूत वर्षानुवर्षं चुलीची राख घातली, सुपारीच्या झावळ्या कुजवून घातल्या, नारळाची सोडणं पुरली, भाजीची सालं, तांदळाचं धुवण, ताकाच्या भांड्याची विसळण, सगळं त्या वाफ्यांत. आज ती माती मुठीत घेतली तर लाडवासारखी वळते. म्हणजे वळायची. त्या मातीची मी काय दशा केली तेच सांगायचं आहे.

माझी अडचण होती ते निळं पिंप. परसाच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचं पिंप असायचं आणि त्यात वहिनी मातीचं जेवण शिजवायची: शेण, गोमूत्र, काळा गूळ, आंबलेलं ताक, पिचकी केळी. ते रोज ढवळावं लागे. ढवळलं की त्यावर पिवळा फेस येई, फेसात बुडबुडे, बुडबुडा फुटला की नाकात जाईल असा आंबूस भपका. कडेला बारीक अळ्या वळवळत. वहिनी काठीने ढवळायची आणि मध्येच गाठ लागली तर कोपरापर्यंत हात घालून ती फोडायची. मग साबणाने हात धुवून मला पोळी वाढायची. मी ती पोळी खायचो, पण तिची बोटं जिथे लागली असतील तो काठ ताटात ठेवून द्यायचो. इतकी वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं आणि इतकी वर्षं पोळीचे काठ टाकले. तिने कधी विचारलं नाही. दात दुखत असतील असं वाटलं असेल.

त्या वर्षी पुतणीचं बाळंतपण होतं. वहिनी दिवाळी आटोपून पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. वाफ्यांत नुकती वांग्याची रोपं धरली होती, मिरच्या होत्या, मुळा, लाल माठ. जाताना तिने मला परसात उभं केलं.

"भाऊजी, पाणी रोज. आणि पिंपातलं एक तांब्या, दहा तांबे पाण्यात, आठवड्यातून दोनदा प्रत्येक वाफ्याला. ढवळायचं मात्र रोज."

"रोज?"

"नाक धरून ढवळा, पण ढवळा. नाही ढवळलं तर नासतं."

"आत्ता काय नासलेलं नाही होय ते?" मी म्हटलं.

ती हसली. "तुमच्या नाकाला एकदा सोवळ्यात ठेवायला हवं," म्हणाली आणि एसटी गाठायला गेली.

मी चार दिवस ढवळलं. पाचव्या दिवशी झाकण उघडल्यावर तळातून वर आलेला एक उंदीर तरंगताना दिसला. पोट फुगलेलं, केस गळून पडलेले. मी झाकण लावलं आणि ते पुन्हा उघडलंच नाही.

पण वाफे उपाशी ठेवून कसं चालेल? ती आल्यावर काय म्हणेल? तेव्हा मला माड आठवले. आमच्याकडे माडाला मासळीचं खत घालतात. शाकाहारी घरांच्या वाड्यांतही घालतात, याबद्दल कोणी बोलत नाही एवढंच. रोप लावताना खड्ड्यात मीठ, आणि मोठ्या माडाच्या आळ्यात पावसाच्या तोंडावर मासळी. काम गडी करतो. घरातलं माणूस त्या दिवशी वाडीत उतरत नाही. नारळ मात्र नैवेद्याला चालतो. मासळी खाली, नारळ वर, मधल्या अंतरात सगळं शुद्ध होत असावं. माड वर्षभर त्या एका जेवणावर पोसतो, हे मी लहानपणापासून पाहत होतो. मला वाटलं, माडाला चालतं ते वांग्याला का चालू नये? एकदा घालायचं आणि तीन महिने त्या पिंपाकडे बघायचं नाही. किळस टाळण्यासाठी मी हे केलं, हे लक्षात घ्या. दुसरा काही हेतू नव्हता.

दिघीला खाडीच्या कडेला मासळी वाळवतात, खारवतात. रंगाचे दोन रिकामे डबे स्कूटरवर घेऊन मी तिथे गेलो. एक बाई खारवायचा हौद धूत होती. मला पाहून तिने फडकं खाली ठेवलं.

"काय ओ भाऊ, वाट चुकलात काय? तुमच्या घरातली मानसं इकडं नाकाला पदर लावून जातात."

"माडाला घालायला काही आहे का?"

"माडाला व्हय." ती हसली. "मंग ह्यो हौदाचा तळ घेऊन जावा. माडाचं काय, तो कायबी खातो आनि कुनाला सांगत न्हाय."

मी ‘माडाला’ म्हणालो. ‘भाजीला’ म्हणालो असतो तर तिने बहुधा दुसरं काही दिलं असतं, किंवा निदान विचारलं असतं. पण भाजीला मासळी हवी असं म्हणायची मला लाज वाटली. घरी कळलं तर, ही पहिली भीती, आणि तिथूनच पहिलं खोटं.

हौदाचा तळ म्हणजे काय ते सांगतो. मुंडकी, कल्ले, पिंजारलेल्या शेपट्या, फुटलेली पोटं, आणि हे सगळं ज्यात मुरलेलं ते तपकिरी, दाट, मिठाचं पाणी. वरून बघितलं तर सूप. फावड्याने उपसताना त्यातून एक डोळा वर यायचा आणि पुन्हा आत जायचा. तिने दोन्ही डबे काठोकाठ भरले आणि म्हणाली, "वास लागंल हां अंगाला. घरात कोन घ्यायचं न्हाय."

घाटीच्या चढावर एका डब्याचं झाकण सरकलं. ते पाणी माझ्या पायांवर आलं, चपलेत शिरलं, बोटांच्या मध्ये. मी स्कूटर कडेला लावून रस्त्याच्या कडेला ओकलो. मुंबईकडची एक गाडी थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली, "बीच किधर है," इतकं विचारलं आणि मी हात वर करायच्या आत काच वर घेतली.

भर दुपारी, आळी झोपलेली असताना, मी ते पुरलं. वांग्याच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना चर खणले, मुंडकी ओतली, वर ते पाणीही ओतलं, एक थेंब वाया घालवला नाही. मिरच्यांना घातलं, माठाला घातलं. उरलेलं दोन माडांच्या आळ्यांत टाकलं. नाकाला पंचा बांधला होता तरी घशात चव उतरत होती. नंतर तीन वेळा आंघोळ केली. रात्री भात कालवायला बोटं तोंडाशी नेली आणि ताट तसंच बाजूला सारलं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे निव्वळ घाण. माश्या इतक्या की वाळत घातलेलं धोतर ठिपक्याठिपक्यांचं दिसे. रात्री घुशी उकरत, सकाळी कावळे. एका कावळ्याने मासळीचं मुंडकं आणून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि तिथे बसून ते निवांत सोललं. मी कागदात धरून ते उचललं. पुन्हा चर बुजवायला गेलो तर माती हलत होती. वरवर नाही, आतून. कुदळीने एक ढेकूळ उलटलं आणि भात सांडावा तशा अळ्या.

शेजारच्या ताई मधल्या दगडी गडग्याच्या पलीकडून म्हणाल्या, "भाऊ, काही मेलंय का तुमच्याकडे?"

"घूस असेल," मी म्हटलं.

ताईंबद्दल सांगायला हवं. त्यांचे यजमान गेल्यावर त्यांनी घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या आणि समुद्रावर येणाऱ्या लोकांना द्यायला सुरुवात केली. त्यांचं पोट त्यावर. पाहुण्यांना आंघोळीला पाणी लागतं म्हणून त्याच पावसाळ्याआधी त्यांनी बोअर मारली होती. वहिनी आणि त्या म्हणजे सख्ख्या बहिणींसारख्या. मे महिन्यात दोघी आमच्या ओटीवर बसून कोकमासाठी रातांबे फोडायच्या, हात मनगटापर्यंत लाल, आणि सगळ्या आळीची उणीदुणी काढायच्या. मलाही सोडायच्या नाहीत.

वांगी सुरुवातीला तरारली. पानं काळीभोर, वांगी टपोरी, जांभळ्या चकाकीची. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एकही मी खाल्लं नाही. बाजारातून बटाटे आणून खात होतो. पण गावातलं कोणी पुण्याला निघालं तेव्हा मी पिशवीभर वांगी काढून वहिनीसाठी दिली. मी सांगितलेलं काम केलं, हे तिला दिसावं म्हणून. तिचा फोन आला.

"भाऊजी, काय सुरेख वांगी हो. बारशाला भरली केली. आधी देवापुढे ठेवली, मग पानात. सगळे विचारत होते. काय घातलंत?"

"तू सांगितलंस तेच."

"ढवळलंत ना रोज?"

"ढवळलं."

"बघा. नाकापेक्षा हात बरा तुमचा."

फोन ठेवला आणि मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. चूळ भरली. पुन्हा भरली.

मग पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी माठ बसला, मग मिरच्यांची फुलं गळली, मग वांग्यांचीही पानं पिवळी पडून कागदासारखी वाजू लागली. मी पाणी वाढवलं. ऊन तापत चाललं तसा वाफ्यांवर पांढरा थर दिसू लागला, पापडाला सुटतो तसा. मी नखाने थोडा खरवडला आणि जिभेवर ठेवला. मीठ, आणि मिठाच्या मागून ती कुजकी चव. तेव्हा मला कळलं. माड मीठ पचवतो. भाजी पचवत नाही. यात कळायला अवघड काही नव्हतं, समुद्राकाठी जन्म गेला माझा. दोन्ही माड मात्र असे हिरवेगार झाले होते की बघून चीड यावी.

वहिनी यायच्या आधी मी चर पुन्हा उकरले. मांस गेलं होतं, काटे, कवट्या आणि एक करडा लगदा राहिला होता, साबणासारखा बुळबुळीत. तो टोपलीत भरून खाडीच्या चिखलात टाकला. निळं पिंपही कलंडवलं. वाफे सारखे केले. वास बराचसा गेला होता. मीठ कुठे जाणार?

ती आली, सामान ओटीवर ठेवलं आणि साडी न बदलता परसात गेली. मी मागे उभा. तिने वाकून चिमूटभर माती उचलली आणि जिभेला लावली.

तिची ती जुनी सवय. मला माहीत होती. तिचा हात तोंडाकडे जाताना मी बघत होतो आणि त्या मातीत काय काय मुरलंय ते मला एकट्याला माहीत होतं. "थांब," इतका एकच शब्द हवा होता. मी नाही बोललो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त किळस कशाची येत असेल तर त्या क्षणाची. मासळीची नाही.

"खारी झाली," ती म्हणाली. बराच वेळ थुंकली नाही. "माझी माती खारी झाली हो, भाऊजी."

आमच्या किनाऱ्यावर हल्ली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बोअर खोल मारली, गोडं पाणी फार उपसलं, की खालून समुद्र आत सरकतो. शेजारच्या गावांत विहिरी खाऱ्या झाल्यात. वहिनीची मान ताईंच्या बोअरकडे वळली. मी वळवली नाही, पण वळताना बघितली.

ती गडग्याशी गेली. ताई पलीकडे चादरी वाळत घालत होत्या.

"आलात वहिनी? नातू कसा आहे?"

"नातू बरा आहे. तुमची बोअर कशी आहे?"

"म्हणजे?"

"माती खारी झाली माझी. तीन महिन्यांत. तुमच्या पाहुण्यांना दोनदोनदा आंघोळी घालता, त्याचं हे."

ताई आधी हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मग आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि गडग्यावर ठेवला. "ही बोअर. पिऊन बघा. गोडं आहे."

"वरचं गोडं असतं. आम्हांला खालचं मिळतं."

"तुमची विहीर तरी खारी झालीय का?"

"विहीर होईल तेव्हा बोलू म्हणता? माती आधी सांगते, विहीर मागून."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही होतात की इथे सगळे दिवस. तुम्ही सांगा ना यांना."

मी म्हणालो, "पाण्याचं काही सांगता येत नाही."

एवढंच म्हणालो. हे वाक्य खोटंही नाही, म्हणून ते जास्त घाणेरडं आहे. कारकुनी करून करून अशी वाक्यं जिभेवर तयार असतात. वहिनीने पेला उचलला नाही. ताईंनी तो उचलून पाणी तिथेच ओतलं आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात वहिनीला वाफ्यात माशाचा एक काटा मिळाला. तो तिने काडीने उचलून मला दाखवला. "कावळ्याने टाकला असेल," मी म्हटलं. तिने वर परसभर गोमूत्र शिंपडलं, देवाची क्षमा मागितली आणि त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. बोअरबद्दल मात्र बोलत राहिली: देवळात, हळदीकुंकवाला, दळणाच्या रांगेत. आळी तिचं ऐकते. सगळ्या आळीची ती वहिनीच आहे. लोक ताईंना विचारू लागले. कोणी सरळ, कोणी तिरकं: "काय ताई, समुद्र कुठवर आणलात?" मे महिन्यात त्यांनी रातांबे आपल्या मागच्या दारी एकटीने फोडले. वहिनीने ओटीवर एकटीने. दोघींच्या मधून मी स्कूटर काढायचो.

शेवटी ताईंनी बोअर बंद केली. कोणी सक्ती केली नाही. "मला शेजार हवाय, पाणी मी विकत आणीन," असं त्या कोणापाशी तरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. तेव्हापासून उन्हाळाभर त्यांच्या दाराशी टँकर येतो आणि त्या स्वतः पाइप धरून उभ्या असतात.

आणि मग पाऊस झाला, आमच्याकडे होतो तसा, सलग. मिठाचं दुसरं काय होणार? ते धुवून गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माठ उगवला. वहिनीने वाकून माती जिभेला लावली आणि वर बघून म्हणाली, "बघा भाऊजी. बोअर बंद झाली आणि माती गोडी झाली. मी म्हणत नव्हते?"

"हो," मी म्हणालो.

हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. मला वाटायचं की माती सुधारली की भांडण आपोआप विरेल, मला काही बोलावं लागणार नाही. उलट, माती सुधारली तोच ताईंच्या विरुद्ध पुरावा झाला. माझं खोटं पावसाने पक्कं केलं.

माती गोडी झाली, पण ती पूर्वीची नव्हे. गांडुळं मेली ती सगळी परतली नाहीत. मूठ वळत नाही, फुटते. वहिनी पुन्हा शेण, राख, ताक घालते आहे, नवं पिंप आणलंय, आणि ते आता मी ढवळतो. रोज. किळस अजून येते. हात आत घालावा लागतो तेव्हा घालतो. तिला वाटतं, वयाने मी सुधारलो.

मागच्या आठवड्यात कळलं की ताई खोल्या बंद करताहेत. टँकरच्या पाण्यावर परवडत नाही, आणि एकटीने करमत नाही. मुलाकडे पनवेलला जाणार, पाडव्यानंतर. वहिनीने ऐकलं. पोळ्या लाटत होती, लाटणं मध्येच थांबलं. मग म्हणाली, "जाऊ देत. तिलाच सुख नव्हतं इथे." आणि पुढची पोळी तव्यावर करपली. तिची पोळी कधी करपत नाही.

मी ती करपलेली पोळी काठासकट खाल्ली. यात मोठेपणा नाही. एवढ्याने काही होत नाही हे मला कळतं. काल गडग्यापर्यंत जाऊन आलो. ताई खोल्यांचे पडदे काढत होत्या. "काय भाऊ?" म्हणाल्या. मी म्हणालो, "काही नाही. ऊन फार आहे." आणि परत आलो. असा मी आहे.

पाडव्याला अजून थोडे दिवस आहेत. ताईंना मी एक गोष्ट देणं लागतो: वहिनीला शेजारी उभं करून, तिच्या देखत, त्यांना सांगायचं की माती तुमच्या बोअरने खारी झाली नाही, मी मासळी पुरली म्हणून झाली. अजून सांगितलेलं नाही.